पिवळे दात आणि शुभ्रतेचे उपाय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या सामाजिक इतिहासातील एक प्रकरण

१. प्रास्ताविक

दातांचा पिवळेपणा घालविण्याचा खात्रीचा उपाय कोणता, हा प्रश्न प्रथमदर्शनी दंतवैद्याचा किंवा औषधविक्रेत्याचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु उपायाचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी दुसरे दोन प्रश्न सुटलेले असावे लागतात. दात पिवळा असणे हा दोष आहे असे समाजाने केव्हा व का मानले, हा पहिला. आणि तो पिवळेपणा कोठून येतो याविषयी त्या त्या काळी लोकांची समजूत काय होती, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न निःसंशय इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्यांच्याबरोबर उपायही बदलत गेले.

या विवेचनासाठी वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांनी वेढलेला वनप्रदेश निवडला आहे. इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही काही वर्षे हा सर्व मुलूख ‘चांदा जिल्हा’ या नावाने ओळखला जाई. १९६४ साली जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या प्रदेशाची निवड करण्याचे कारण असे की, दातांचा रंग बिघडविणारी दोन अगदी भिन्न कारणे येथे शेजारी शेजारी, पुष्कळदा एकाच घरात, आढळतात. एक कारण बाहेरून येते. ते म्हणजे तंबाखू आणि सुपारी. दुसरे आतून येते. ते म्हणजे भूगर्भातील पाण्यातील फ्लोराइड. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे योजलेले उपाय कसे निष्फळ ठरले, इतकेच नव्हे तर कधी अपायकारकही कसे झाले, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दंतकाष्ठाची परंपरा

भारतीय वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांत दंतधावनाला दिनचर्येत निश्चित स्थान दिलेले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन व असन या वृक्षांच्या काड्या दंतधावनास योग्य म्हणून सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतकाष्ठाची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी असावी असा निर्देश आहे. त्याच ठिकाणी रसांनुसार वृक्षांची वर्गवारी केली असून कडू रसात निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह आणि तिखट रसात करंज श्रेष्ठ मानला आहे. चांदा प्रदेशाच्या अभ्यासकास ही यादी वाचताना एक गोष्ट तत्काळ जाणवते. निंब, खैर, मोह आणि करंज हे चारही वृक्ष या मुलखात विपुल आहेत. त्यातही मोह म्हणजे येथील आदिवासी जीवनाचा केवढा मोठा आधार आहे हे सांगावयास नकोच. ग्रंथकारांनी विधान म्हणून जे लिहिले ते येथे जंगलाच्या काठाशी राहणाऱ्या माणसाला विधानाची वाट न पाहता हाताशी उपलब्ध होते.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग यानेही दंतकाष्ठाच्या वापराविषयी एक स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे, त्याने दात घासावेत, नंतर जीभ खरवडून चूळ भरावी, हा त्याने पाहिलेला प्रघात आजही या भागातील खेड्यांत अपरिचित नाही.

या सर्व परंपरेत एक विशेष असा की, तिचा भर प्रामुख्याने तोंडाच्या निर्मळतेवर आहे. दुर्गंधी जावी, तोंडाला चव यावी, कफ सुटावा, हिरड्या बळकट व्हाव्यात, अशी फळे सांगितली जातात. कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली हे खरे. परंतु शुभ्रता ही निर्मळतेच्या पाठोपाठ येणारी गोष्ट मानली जाई. काडीने दात रोज घासणारा मनुष्य दातांवरील कीट घालवीत असे; दातांचा मूळ रंग पालटावा अशी त्याची अपेक्षा नसे.

येथे शरीरशास्त्रातील एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. दाताचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, बरेचसे पारभासक असते आणि त्याच्या खालील दंतद्रव्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. वयानुसार वल्क झिजते, आतील द्रव्य दाट होते आणि दात अधिक पिवळा दिसू लागतो. तेव्हा किंचित पिवळा दात हा निरोगी दातच होय. दूधासारखी शुभ्रता हा निसर्गाचा नियम नव्हे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

३. काळ्या दातांचे सौंदर्य

शुभ्र दात सुंदर, ही समजूत सार्वत्रिक आणि सर्वकालीन होती असे मानणे चूक ठरेल. महाराष्ट्रात सुवासिनी स्त्रीच्या साजशृंगारात दात काळे करण्याची रीत दीर्घकाळ प्रचलित होती. ‘दातवण’ हा शब्द या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. दात स्वच्छ करण्याचे साधन या अर्थाबरोबरच दात काळे करण्याच्या चूर्णालाही तोच शब्द लावला जात असे. स्वच्छ करणे आणि काळे करणे या दोन क्रिया ज्या समाजाला परस्परविरोधी वाटत नव्हत्या, त्या समाजाची सौंदर्यदृष्टी आपल्याहून भिन्न होती हे उघड आहे. उत्तर हिंदुस्थानातील ‘मिस्सी’ हा याच जातीचा प्रकार. भारताबाहेर पाहिले तर जपानात ‘ओहागुरो’ या नावाने दात काळे करण्याची प्रतिष्ठित रूढी होती. १८७० साली तेथील सरकारने उमरावांपुरती तिला बंदी घातली. व्हिएतनाममध्येही ही चाल विसाव्या शतकापर्यंत होती.

या चूर्णाचे रसायन अवघड नाही. हिरडा, मायफळ यांसारख्या पदार्थांतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, आणि हिराकसातील लोह यांचा संयोग झाला म्हणजे काळाभोर रंग तयार होतो. जुन्या काळी लिहिण्याची शाईही याच तत्त्वावर बनत असे. तुरट द्रव्याने हिरड्या आवळल्या जातात आणि दातावर एक थर बसतो. त्यामुळे हे चूर्ण दातांना हितकर आहे असा समज होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता.

ही चाल नेमकी केव्हा आणि कोणत्या क्रमाने मावळली हे प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्रपणे पाहावे लागेल. परंतु तिची दिशा स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिक्षण, छायाचित्रण आणि शहरी राहणी यांच्या प्रसाराबरोबर काळे दात हे ग्राम्यतेचे चिन्ह ठरू लागले. ज्या आजीच्या दातांचे काळेपण तिच्या सौभाग्याची खूण होते, तिच्या नातीला तेच लाजिरवाणे वाटू लागले. पिवळ्या दाताविषयीची आजची अस्वस्थता या बदलाच्या पोटी जन्मलेली आहे.

४. तंबाखू : डाग आणि मंजन एकच

तंबाखू दक्षिणेत पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली. असदबेग या मोगल सरदाराने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली, ती हकीगत १६०४-०५ च्या सुमाराची आहे. १६१७ साली जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. पण तोवर ही वनस्पती लोकांच्या अंगवळणी पडली होती. पुढील तीन शतकांत ती ओढण्याच्या, खाण्याच्या, हुंगण्याच्या आणि दातांना लावण्याच्या अशा अनेक रूपांनी घरोघर पोचली.

यांपैकी शेवटचे रूप आपल्या विषयाशी निगडित आहे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू कुटून तिची पूड दातांना व हिरड्यांना घासावयाची, ही मिशेरी अथवा मिश्री महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत स्त्रियांमध्ये रूढ झाली. ‘मिस्सी’ आणि ‘मिश्री’ या नावांतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. दात रंगविण्याच्या चूर्णाची जागा तंबाखूच्या पुडीने घेतली असावी असे सुचविण्यास ते पुरेसे आहे. सिद्ध करण्यास मात्र नाही. पूर्व विदर्भात ‘नस’ घासण्याची सवय स्त्रियांत आढळते. गडचिरोलीच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडात, तंबाखू आणि गुळाची मळी यांचा ‘गुडाखू’ नावाचा लगदा दातांना लावतात आणि त्याचा वापर सीमेच्या अलीकडेही होतो.

हे पदार्थ लोकांनी व्यसन म्हणून स्वीकारले नाहीत, ही गोष्ट इतिहासकाराने विसरता कामा नये. ते मंजन म्हणून, औषध म्हणून स्वीकारले गेले. ज्या काळी दंतवैद्य शेकडो मैलांवर होता त्या काळी दाढदुखीवर काय करावे? तंबाखूने हिरडी क्षणभर बधिर होते, ठणका मंदावतो, भूकही मरते. पहाटे उठून जंगलात मोहफुले वेचावयास किंवा रोवणीस जाणाऱ्या बाईला एवढा उतार पुष्कळ वाटे. सकाळी एकदा घासलेली पूड मग दुपारी घासावीशी वाटू लागते आणि संध्याकाळीही; दात स्वच्छ करण्याची क्रिया दिवसातून चार वेळा होते आणि दात मात्र दिवसेंदिवस तपकिरी होत जातात. डाग पडला म्हणून ज्याने घासावे त्यानेच नवा डाग पडावा, असे हे चक्र आहे.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या पुरुषवर्गात, आणि आता मुलांतही, ‘खर्रा’ अधिक प्रचलित आहे. बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना हे पन्नीत घालून घोटून घोटून तयार केलेले हे मिश्रण पानठेल्यावर मिळते. सुपारीतील तुरट द्रव्ये चुन्याच्या सान्निध्यात तांबूस तपकिरी होतात आणि तंबाखूच्या रंगद्रव्यांसह दातांच्या खाचांत, विशेषतः हिरडीलगत व आतील बाजूस, बसतात. तथापि रंग हे यातील सर्वांत क्षुल्लक नुकसान होय. सुपारी ही स्वतंत्रपणे कर्करोगकारक आहे असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचा तंतुमय व ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. अशा माणसाला दात पांढरे करण्याची चिंता राहत नाही. त्याच्या तोंडात घास जाणेच कठीण होते.

शासनाच्या बाजूने या प्रश्नाचा इतिहास असा आहे. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांच्या उत्पादनावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ साली लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या खटल्यात उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेली पूड आणि ठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा यांना कारखान्याचे नियम लागू पडणे कठीण. म्हणूनच २०१६ साली गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखूविरोधी जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला तेव्हा त्याला गावसभेचा आधार घ्यावा लागला. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा त्यात पुढाकार आहे.

५. डबी, नळी आणि जाहिरात

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटेचा भुगा ही खेड्यातील मंजने. विसाव्या शतकात त्यांच्या जोडीला बाजारातील डबी आली. ‘माकडछाप’ काळे दंतमंजन जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे आहे. १९३७ साली कोलगेट-पामोलिव्ह कंपनीची भारतीय शाखा निघाली. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी विको कंपनी स्थापन केली. तिची ‘वज्रदंती’ आयुर्वेदाचा वारसा सांगत घरोघर गेली. या सर्वांनी दात रोज घासण्याची सवय शहरांत दृढ केली, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

त्याबरोबरच जाहिरातीने एक नवे समीकरण जनमानसात रुजविले. शुभ्र दात म्हणजे स्वच्छ मनुष्य, आणि पिवळे दात म्हणजे आळशी किंवा अडाणी मनुष्य. दातांच्या रंगावरून माणसाच्या शीलाविषयी अनुमान करण्याची ही रीत काळ्या दातांच्या काळात संभवतच नव्हती. ज्या प्रदेशात मुलांचे दात पाण्यामुळे डागाळतात त्या प्रदेशात या समीकरणाने किती अन्याय केला असेल याची कल्पना पुढील भागावरून येईल.

६. पाणी : न धुतला जाणारा डाग

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला. तेथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. लोक त्याची कारणे निरनिराळी सांगत, परंतु मॅके यांचे समाधान झाले नाही. १९०९ पासून नामांकित दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांनी त्यांना साहाय्य केले. दोघांच्या निरीक्षणातून असे निष्पन्न झाले की, हा दोष दात घडत असतानाच उत्पन्न होतो; दात पक्के होऊन बाहेर आल्यावर त्या गावी राहावयास आलेल्या माणसाला तो होत नाही. अर्थात दात घासण्या-न घासण्याशी त्याचा संबंध नाही.

१९२३ साली मॅके आयडाहो राज्यातील ओकली या गावी गेले. तेथील पालकांनी सांगितले की, दूरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅके यांच्या सल्ल्यावरून गावाने तो झरा सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले. काही वर्षांतच लहान मुलांचे नवे दात निर्मळ येऊ लागले. पाण्यात नेमके काय आहे हे अद्याप कोणास ठाऊक नव्हते, तरी उपाय सापडला होता. १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने आर्कन्सॉमधील बॉक्साइट गावच्या पाण्याचे पृथक्करण केले तेव्हा त्यात फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १३.७ भाग इतके आढळले. भारतात १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडमुळे दातांबरोबर हाडेही कशी विकृत होतात याचे वर्णन प्रसिद्ध केले.

या विकाराची प्रक्रिया अशी. जन्मापासून साधारणतः आठव्या वर्षापर्यंत कायमच्या दातांचे वल्क घडत असते. या काळात पोटात फ्लोराइड प्रमाणाबाहेर गेले तर वल्काच्या पृष्ठाखालील भाग सच्छिद्र राहतो. असा दात उगवताना खडूसारखा पांढुरका असतो. पुढे अन्नपाण्यातील रंग त्या छिद्रांत मुरून तो पिवळा व तपकिरी होतो. डाग बहुधा आडव्या पट्ट्यांचे आणि उजव्या-डाव्या दातांवर सारखेच असतात. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम ठेवली असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ती क्षम्य मानली आहे.

चंद्रपूर जिल्ह्याची भूरचना मोठी विविध आहे. पश्चिमेस दख्खनचा काळा दगड, मध्यभागी चुनखडक आणि कोळसा पोटात असलेले गोंडवन वालुकाश्म, व पूर्वेस गडचिरोलीकडे अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस. जिल्ह्यातील डोंगरगाव येथे तर फ्लोराइट या खनिजाचा साठाच आहे. खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजांशी पाण्याचा दीर्घकाळ संपर्क राहिला आणि ते पाणी क्षारधर्मी व कॅल्शियमने उणे असले म्हणजे फ्लोराइड त्यात अधिक विरघळते. वरोरा व लगतच्या भागांतील काही गावांच्या भूजलात ते मर्यादेपलीकडे आढळले आहे. सर्वच गावांत नव्हे; एकाच गावातील एक विहीर निर्दोष आणि दुसरी सदोष असेही घडते.

येथे इतिहासातील एक विलक्षण व्यत्यास दिसतो. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरींची मोहीम जोरात सुरू झाली. जालना व सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क-२’ हा पंप तयार झाला आणि तो देशभर पसरला. उघड्या विहिरींच्या पाण्यातून पटकी आणि नारू यांसारखे रोग पसरत. खोलवरचे झाकलेले पाणी त्यांपासून मुक्त होते. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, या यशात हातपंपाचा वाटा मोठा आहे. परंतु तेच खोलवरचे पाणी खडकाशी दीर्घकाळ संलग्न राहिलेले असते. जेथे खडक फ्लोराइडयुक्त होता तेथे जंतुरहित पाण्याबरोबर दात व हाडे बिघडविणारे द्रव्यही पोटात जाऊ लागले. ओकलीच्या नळाची आणि आपल्या हातपंपाची कथा या बाबतीत सारखीच आहे. योजना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. पाण्याचे शुद्धत्व मात्र एकाच कसोटीवर तपासले गेले.

७. उपायांचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परिणामकारक उपाय कोणता, याचे उत्तर पिवळेपणाच्या कारणानुसार द्यावे लागते.

वयाने किंवा जन्मतः आलेली पिवळसर छटा हा रोग नसल्यामुळे तिला उपायाची निकड नाही. तंबाखू, सुपारी व चहा यांचे बाह्य डाग आणि दगडासारखे बसलेले कीट दंतवैद्याकडून उपकरणाने काढून घेता येते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले. तत्पूर्वी या वनप्रदेशातील रोग्याला त्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणाकडे पाहावे लागे. परंतु दात स्वच्छ करून घेऊन खर्रा चालूच ठेवला तर डाग पुन्हा बसतात.

फ्लोराइडचा डाग वल्काच्या आत असल्यामुळे कोणत्याही मंजनाने जात नाही. कोलोरॅडोतील दंतवैद्य केन यांनी १९१६ च्या सुमारास हायड्रोक्लोरिक आम्लाने असे डाग काढण्याचा प्रयोग केला. १९८६ साली क्रॉल व कॅव्हनॉ यांनी तेच आम्ल प्युमिस दगडाच्या पुडीबरोबर नियंत्रित प्रमाणात वापरून वल्काचा अतिसूक्ष्म थर काढण्याची पद्धत मांडली. १९८९ साली हेवुड व हेमन यांनी कार्बामाइड पेरॉक्साइडचे १० टक्के मिश्रण रात्री साच्यातून दातांना लावण्याची रीत प्रसिद्ध केली. आज प्रचलित असलेली विरंजनाची घरगुती पद्धत तिच्यातूनच वाढली. सौम्य व मध्यम डागांवर या उपायांचा उपयोग होतो. तीव्र डागांत दातावर कृत्रिम आवरण चढवावे लागते. हे सर्व तज्ज्ञाच्या हातून व्हावयाचे आणि खर्चाचे आहे. शेतमजुराच्या मुलीला ते सांगणे म्हणजे उपाय सांगून न सांगितल्यासारखेच होय.

याउलट जे उपाय फुकट आहेत ते बहुधा हानिकारक आहेत. लिंबू घासल्याने दात क्षणभर उजळ दिसतो, कारण आम्लाने वल्क विरघळते. तोंडातील आम्लता सुमारे ५.५ सामूच्या खाली गेली की ही झीज सुरू होते. विटेचा भुगा, जाड राख व गेरूमिश्रित लाल मंजन यांनी वल्क खरवडले जाते, आणि वल्क पातळ झाले की खालचा पिवळा रंग अधिकच उठून दिसतो. कोळशाच्या मंजनाची आज पुन्हा टूम निघाली आहे. परंतु १९१७ नव्हे, २०१७ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या समीक्षेत त्याच्या गुणकारित्वास व निर्धोकतेस पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले आहे. डागाळलेल्या दातांची शाळकरी मुलगी लोकांच्या बोलण्यामुळे दात अधिकाधिक जोराने घासते, ही या अज्ञानाची सर्वांत दुःखद परिणती होय. दोष तिच्या स्वच्छतेत नसतो. ती दोन-तीन वर्षांची असताना घरात ज्या पंपाचे पाणी येई त्यात असतो.

तेव्हा या दोषावरील खरा उपाय पाण्यापाशीच आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७० नंतरच्या दशकात तुरटी व चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धती’ विकसित केली. पद्धत स्वस्त आहे. परंतु तिला रोजची देखरेख लागते, गाळाची विल्हेवाट लावावी लागते, आणि गावपातळीवर तेथेच खंड पडतो. म्हणून निर्दोष विहीर शोधून सदोष पंपावर तशी खूण करणे, पावसाचे पाणी साठविणे आणि शक्य तेथे नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने पुरविणे हे मार्ग अधिक टिकाऊ ठरतात. मुलांच्या आहारात कॅल्शियम पुरेसे असणे हेही महत्त्वाचे. २००८-०९ पासून केंद्र सरकारचा फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. परंतु ज्यांचे दात घडून गेले त्यांना पाणी बदलून शुभ्रता मिळत नाही. ती त्यांच्या धाकट्या भावंडांना मिळते.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. शुभ्र दाताचा आदर्श या प्रदेशात अर्वाचीन आहे. त्यापूर्वी निर्मळ दात आणि काही वर्गांत काळा दात हे आदर्श होते. दात साफ करण्याच्या हेतूने स्वीकारलेल्या तंबाखूनेच दातांची अधिक हानी केली. आणि पाण्याच्या एका दोषापासून लोकांना सोडविणाऱ्या योजनेने, काही ठिकाणी तरी, दुसरा दोष त्यांच्या दारी आणला. तिन्ही बाबतींत डागाचे कारण न शोधता डागावर उपाय करण्याची वृत्ती दिसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र आहे. लुसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीवरील अहवाल किंवा १९०९ चे बेगबी व नेल्सन संपादित गॅझेटिअर ही साधने राज्यकारभाराच्या गरजेतून निर्माण झाली. सामान्य माणसाच्या तोंडात डोकावण्याचे प्रयोजन त्यांना नव्हते. ती उणीव मौखिक साधनांनी भरून काढावी लागेल. एखाद्या गावी जाऊन वृद्ध स्त्रियांना विचारावे : तुमच्या सासूचे दात कसे होते, तुम्ही कशाने घासले, नस केव्हा व कोणी दिली? आणि त्याबरोबर मॅके यांचा साधा प्रश्नही विचारावा : तुम्ही जन्मलात कोठे, आणि आठ वर्षांच्या होईपर्यंत कोणत्या विहिरीचे पाणी प्यायलात? गावात हातपंप बसल्याचे साल आणि डागाळलेल्या दातांच्या पहिल्या पिढीचे जन्मसाल शेजारी मांडले म्हणजे, कोणत्याही दप्तरात न सापडणारा इतिहासाचा एक दाखला हाती येईल. तो दाखला ग्रामपंचायतीला नवी विहीर मागताना उपयोगी पडला, तर इतिहासाच्या अभ्यासाचे तेही एक फळ समजावे.